वाऱ्यापुढची पाळी

पुण्याच्या माणसाला सायकलीविषयी काही सांगायचं धाडस मी एरवी केलं नसतं. इथं दूधवाल्यापासून प्रोफेसरांपर्यंत सगळेच सायकलवर. पण वसईकडून परतल्यापासून कचेरीतली मंडळी सारखी विचारतात, "पंचेचाळिशी उलटलेला माणूस रजा काढून, सायकल बरोबर घेऊन गेला कुठं, आणि कशाला?"

'कुठं'चं उत्तर सोपं आहे. 'कशाला'चं मी जाताना एकच देऊन ठेवलं होतं: डॉक्टरांनी सांगितलंय, लघवीत साखर दिसते, रोज अंगाला घाम येईल इतकी सायकल मारा. हे खोटं नाही. पण घाम पर्वतीच्या चढावरही येतो. त्यासाठी कोणी सायकल ब्रेकव्हॅनमध्ये चढवून विरारला जात नाही.

मी बोलका माणूस नाही. बोलायच्या त्या गोष्टी मी नेहमी उशिरा बोललो, आणि बोलू नये ती एक मात्र भर बाजारात चटकन बोलून गेलो. हा प्रवास त्या एका वाक्यापायी केला. परतल्यावर घरी ते सांगितलं. तिसऱ्या दिवशी पत्नी चहा पुढं ठेवत म्हणाली, "लिहायचं असेल तर सगळं लिहा. अर्धं नको."

म्हणून सगळं लिहितो.

विरार ते आगाशी

सायकल गाडीतून नेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. उतरल्यावर लगेच टांग मारू नये. ब्रेकव्हॅनमध्ये तिच्यावर टोपल्या पडतात, हँडल फिरतं, ब्रेकचा रबर रिमपासून सरकतो. मी विरारला फलाटाबाहेर एका निंबाखाली ती उभी केली, चाकं फिरवून पाहिली, हवा बोटानं दाबून पाहिली. तेच झाड. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, इथल्या मुक्कामाचे शेवटचे काही महिने, मी रोज याच झाडाला सायकल टेकवत होतो. त्याआधी वर्षभर मात्र मी या स्टेशनाकडं फिरकलोही नव्हतो. का, ते पुढं येईलच.

तेव्हा मी तिशीतला कारकून. कचेरी वसईजवळ माणिकपूरला, बिऱ्हाड आगाशीला जनू नावाच्या मित्राच्या वाडीत. वाडी म्हणजे इकडं बाग: केळी, नारळ, पानवेली. माणिकपूरच्या कोंदट खोलीपेक्षा ती सावली मला आवडली, आणि रोज जाऊन-येऊन सायकल मारण्याची हौस होती.

विरारहून आगाशीला जाताना पहिल्यांदा जाणवतो तो गारवा. पुण्याचा रस्ता उघडा असतो. हा रस्ता झाडांच्या पोटातून जातो. दोन्ही बाजूंना बावखलं, म्हणजे वाडीला पाणी पुरवणारी खोल तळी. त्यांच्यावरून येणारी हवा घामेजलेल्या मानेला ओल्या पंच्यासारखी लागते. कुठंतरी रहाट कुरकुरत असतो. मी सायकलीवरून उतरलो आणि काही अंतर ती नुसती हातात धरून चालत गेलो. इतक्या वर्षांत हा आवाज मी झोपेत पुष्कळदा ऐकला होता. जागेपणी ऐकल्यावर त्याच्यापुढून सायकल हाकाविशी वाटेना.

जनू आता जनूभाऊ झाला आहे. पोट सुटलंय, पण आवाज तोच, साऱ्या आळीला ऐकू जाणारा. अंगणात मांडवावर राजेळी केळी सोलून उन्हात घातली होती. त्यांचीच सुकेळी होतात, मधासारखी तांबूस, चिकट. मला पाहून तो ओरडला, "अगं, बघ कोण आलंय! आपला माणिकपूरचा कारकून! आणि सायकलीवर! अरे, अजून पगार नाही वाढला का तुझा?"

"वाढला. साखरही वाढली," मी म्हणालो.

"मग सुकेळी बघूनच पोट भर. तुझ्या वहिनीनं उकडहंडी लावलीय, ती खा. कंद तेवढे बाजूला कर."

उकडहंडी हा थंडीतला प्रकार. शेंगा, वांगी, कंद, सगळं मडक्यात पाण्याशिवाय शिजतं. पुण्यात कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. मी कंद बाजूला केले नाहीत. जेवताना मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ती नंदाखालची नर्स होती ना, सायकलवरून जायची, ती कुठं असते हल्ली?"

हे 'सहज' मी गाडीत कल्याणपासून घोकत आलो होतो.

"नातालीनबाई? ती चांदीपला," जनूभाऊ म्हणाला. "विरारच्या पूर्वेला, डोंगरापलीकडं. दवाखाना आहे तिकडं. आठवडाभर तिथं, शनिवारी दुपारी भावाकडं नंदाखालला, रविवारी देवळात मिस्सा ऐकून परत. अजून सायकलच मारते. लग्न नाही केलं." मग पाण्याचा घोट घेऊन वहिनींना म्हणाला, "याची आणि तिची जोडी होती बघ. सगळा रस्ता ओळखायचा."

वहिनी माझ्याकडं बघून हसल्या. त्याला पुढचं काही आठवत नव्हतं. मला मात्र त्याच्या तोंडचे जुने शब्द जसेच्या तसे ऐकू आले.

नंदाखालचा क्रूस

वसईच्या या पट्ट्यात ख्रिस्ती वस्ती मोठी. वाटेवर, तिठ्यावर, वाडीच्या तोंडाशी दगडी क्रूस उभे असतात. कोणी मेणबत्ती लावतं, कोणी अबोलीचा गजरा घालतं. आमच्याकडं पारावरच्या मारुतीला जाता-येता हात जोडतात, तसंच.

नंदाखालच्या क्रुसाशी ती मला पहिल्यांदा भेटली. चेन उतरली होती आणि तिचे हात काळे झाले होते. मी मदतीला उतरेपर्यंत तिनं चेन चढवली होती, आणि मला म्हणाली, "रुमाल तेवढा द्या, कारकूनसाहेब." मी कारकून हे तिला कसं कळलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "पँटीला चिमटे लावून उजव्या हाताच्या बोटावर शाई घेऊन दुसरं कोण फिरतं?"

ती माणिकपूरच्या दवाखान्यात नर्स होती. पांढरं पातळ, मागच्या चाकाला जाळी. सकाळी वारा जमिनीकडून येतो, हलका असतो. जाताना गप्पा होत. संध्याकाळी परतताना मात्र समुद्राचा वारा समोरून छातीवर येतो, आणि दिवसभर खपलेल्या माणसाला प्रत्येक पायडल जड होतं. ज्यांना रोज असा रस्ता आहे त्यांना माझा खरा सल्ला हाच: एकट्यानं वाऱ्याशी भांडू नये. पुढच्याच्या मागच्या चाकाशी हातभर अंतरावर राहावं. तिथं वारा नसतो. पुढच्यानं थकावं, मागच्यानं दम घ्यावा, मग अदलाबदल करावी.

ती अदलाबदल आम्ही क्रुसांवर बांधली होती. पापडीपासून निघालं की क्रूस आला, पाळी बदलली. गास, निर्मळ, नंदाखाल. ती पुढं असली आणि क्रूस आला की कपाळाला हात लावी आणि बाजूला होई. मी पुढं. मी पुढं असलो आणि क्रूस आला की मागून घंटी वाजे. आज ज्यानं शेवटचा टप्पा घेतला त्यानं उद्या मागून सुरुवात करायची, असा हिशोब. चुकला कधी नाही.

लढाईमुळं टायर मिळत नव्हते. माझा मागचा टायर एका जागी फाटला होता. आगाशीच्या चांभारानं त्याला चामड्याचं ठिगळ शिवून दिलं. ते प्रत्येक फेऱ्याला जमिनीवर 'टप्' वाजे आणि धुळीत चौकोनी ठसा उमटे. ती म्हणायची, "तुमची सायकल लंगडते. पण बरं आहे, मागं आहात हे मला वळून बघायला लागत नाही."

निर्मळच्या तळ्याशी कधी थांबून डबे उघडायचो. तिच्या डब्यात सुक्या बोंबलाची चटणी असे. मी ब्राह्मणाचा. पहिल्या दिवशी वास घेतला, दुसऱ्या दिवशी बोट लावलं, तिसऱ्या दिवशी डबे बदलले. आजवर हे घरी ठाऊक नव्हतं.

एवढंच होतं. हात हातात घेतला नाही, शब्द दिला नाही. पण मी संध्याकाळची वाट दुपारपासून पाहायचो, आणि पुढं गेल्यावर पाठीमागचं ते वजन नसलेलं अस्तित्व पाठीला उबेसारखं जाणवायचं. याला नाव द्यायचं धाडस माझ्यात नव्हतं. तिच्यात होतं की काय, हे मी विचारलंच नाही.

अर्नाळ्याची वाळू

दुसऱ्या दिवशी चांदीपला निघायचं ते मी अर्नाळ्याला गेलो. उलट्या दिशेला. स्वतःला सांगितलं, व्यायाम.

ओहोटी लागली होती. ओल्या वाळूवर सायकल छान पळते, फक्त हवा थोडी कमी करावी, पाऊल रुतत नाही त्याच पट्ट्यावरून जावं आणि ब्रेक लावू नये. मी तिन्ही नियम पाळले आणि चौथा विसरलो: समोर बघावं. मी उत्तरेकडं बेटावरच्या किल्ल्याकडं बघत होतो. पुढचं चाक एका पाणथळीत गेलं आणि मी हँडलावरून लाटेत.

वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या मांडणीवर, बोंबील वाळत घालणाऱ्या बाया खदखदून हसल्या. एक म्हातारी ओरडली, "ओ दादा, सायकलीला आंघोळ घालाया आनली का?"

"तिलाच घालत होतो, मधेच मी पडलो," मी म्हणालो.

"आता गोड्या पान्यानं धुवा तिला. नायतर उद्या चेन रडंल तुमची."

धुतली. खाऱ्या पाण्यानंतर चेन गोड्या पाण्यानं धुऊन, पुसून, खोबरेल दिलं नाही तर ती खरोखरच रडते. धुताना त्या म्हातारीनं विचारलं, "कोनाकडं आलाव?" मी म्हणालो, "असाच." ती म्हणाली, "असं कोन येतं का एवढं लांब?"

संध्याकाळी आगाशीच्या बाजारात मी त्या जागी जाऊन उभा राहिलो. सायकल दुरुस्तीचं दुकान होतं तिथं आता कापडाचं आहे. तिथंच त्या दिवशी जनू आणि चार मित्र बसले होते. मी हवा भरायला थांबलो. जनू आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "काय रे, जोडसायकल कधी घेतोस? का बाप्तिस्मा घेऊन नंदाखालच्या देवळातच नाव घालणार?" सगळे हसले. बाजार हसला. माझे कान तापले. आणि मी, ज्याला एरवी चार माणसांत शब्द सुचत नाही, तो मी पंप मारता मारता म्हणालो, "छे रे, ती कोण आपली? वाऱ्याला आडोसा म्हणून बरी पडते."

हसणं दुप्पट झालं. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नंदाखालकडं न वळता विरारकडं वळलो. सायकल निंबाला लावली आणि कचेरीला जायला गाडी पकडली. मग रोजच. काही महिन्यांनी बदलीचा अर्ज केला. जाताना तिला सांगितलं नाही. ती क्रुसाशी किती दिवस थांबली असेल, हे चित्र मी पुण्यात इतकी वर्षं बघत आलो आहे. कधी कचेरीत, कधी जेवताना. पत्नी विचारायची, "काय झालं?" मी म्हणायचो, "काही नाही."

चांदीप

शनिवारी सकाळी निघालो. जीवदानीचा डोंगर मागं पडला की वाड्या संपतात. भात कापलेली रिकामी शेतं, पेंढ्यांचे ढीग, खडीचा रस्ता. पश्चिमेला सावलीत सायकल मारणाऱ्याला इथं पाणी बरोबर ठेवावंच लागतं. मी विसरलो होतो. एका शेताच्या बांधावर म्हातारा बसला होता, त्यानं न मागता तांब्या पुढं केला. "पानी प्या. नरसबायकडं का? बांधावर सायकल दिसते का बघत जा. सायकल दिसली का बाय तिथंच."

सायकल एका झोपडीबाहेर दिसली. मागच्या चाकाला जाळी होती. मी उतरलो आणि तिच्याजवळ माझी सायकल टेकवायला गेलो, पण टेकवली नाही. थोडी दूर उभी केली.

ती बाहेर आली. केस पांढरे झालेले, चष्मा, हातात साबण. माझ्याकडं बघितलं. मी काय म्हणायचं ते पाठ करून आलो होतो.

"कारकूनसाहेब," ती म्हणाली, "जरा पाणी ओता हातावर."

मी ओतलं.

आत एक बाई बाळंत झाली होती. मुलगी. त्या घरात वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी आम्हाला वाढली. बाजूला बोंबलाची चटणी. नातालीन म्हणाली, "त्यांना नको, ते खात नाहीत," आणि माझ्याकडं न बघता ताटली माझ्याकडं सरकवली. मी खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीचं म्हणून खपलं.

"लग्न झालं?" तिनं विचारलं.

"झालं. दोन मुलं."

"बरं झालं. तब्येत?"

"साखर आहे."

"म्हणून सायकल?"

"असं घरी सांगितलंय," मी म्हणालो. ती हसली, पहिल्यांदाच.

तिला दुपारीच नंदाखालला निघायचं होतं, वारा सुटायच्या आत. पण बाळंतिणीला ताप वाटला म्हणून ती थांबली. ताप नव्हता. निघालो तोवर पश्चिमेचा वारा चांगला उठला होता, आणि आम्हाला थेट पश्चिमेलाच जायचं होतं. सुरुवातीला खडकाळ चढ होता. दोघांनी सायकली हातात धरल्या. ती गुडघा जपत चालत होती. मला कळलं की आता नाही तर मी असाच परत जाणार, आणि पुन्हा 'काही नाही' म्हणणार.

"त्या दिवशी आगाशीच्या बाजारात मी..."

"आडोसा," ती म्हणाली.

मी थांबलो. ती थांबली नाही, म्हणून मलाही चालावं लागलं.

"माझी मावशी मासळी घेऊन बसली होती समोर. जनूभाऊंचा आवाज, आणि तुम्ही हसलात तेसुद्धा. संध्याकाळी घरी येऊन सांगितलं तिनं. सगळ्यांसमोर."

"मग सकाळी तुम्ही क्रुसाशी..."

"थांबले. म्हटलं, येतील आणि तोंडावर म्हणतील. नाहीतर..."

"नाहीतर?"

तिनं चष्मा पुसला. "तुम्ही आला नाहीत. मी उलटी आगाशीपर्यंत गेले. तिठ्यावर ठसा विरारकडं वळला होता, चौकोनी. म्हटलं, पडले-बिडले असतील. ठशामागं स्टेशनापर्यंत गेले. निंबाखाली सायकल उभी. चाकं सरळ, हँडल सरळ. म्हटलं, सायकल धड आहे म्हणजे माणूसही धडच असणार. परत फिरले. कामाला उशीर झाला, बोलणी खाल्ली." थोडं चालून ती म्हणाली, "एकच दिवस थांबले मी. तुम्हाला वाटलं असेल, पुष्कळ."

मला पुष्कळच वाटलं होतं. इतकी वर्षं मी तिला त्या क्रुसाशी उभं करून ठेवलं होतं. ती मात्र त्याच दिवशी, माझ्यापेक्षा जास्त वाट तुडवून, निघून गेली होती.

"माझं चुकलं," मी म्हणालो. हे दोन शब्द बोलायला मी पुण्याहून आलो होतो. म्हणून झाल्यावर ते फारच छोटे वाटले.

तिनं 'असू दे' म्हटलं नाही. चढ संपला होता. समोर सगळा उतार, शेतं, आणि त्यांच्यावरून येणारा वारा. तिनं पातळ सावरलं, पाय पायडलवर ठेवला. मी सवयीनं बाजूला झालो, बायकांना पुढं जाऊ देतात तसा.

"बाजूला काय होता?" ती म्हणाली. "शेवटचा टप्पा मी घेतला होता. पाळी तुमची आहे."

"आणि इकडं क्रूस कुठं आहेत?"

"नाहीत. विरार ओलांडेपर्यंत एकही नाही."

मी पुढं झालो. त्या वाऱ्याचं वर्णन काय करू! धूळ दातांत येत होती, मांड्या पेटल्या होत्या, डॉक्टरांनी सांगितलेला घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता. मी मान खाली घातली आणि मारत राहिलो. वेग एकसारखा ठेवावा, मागच्याला धक्का बसू नये, हे मला आठवत होतं. मी एकदाही वळून पाहिलं नाही. विरारचं फाटक ओलांडलं, बोळिंजच्या वाड्या सुरू झाल्या, गार वास आला. मला वाटू लागलं, आता क्रूस येऊ नये. अजून थोडं माझ्याकडं राहू दे.

आगाशीच्या अलीकडच्या वळणावर क्रूस दिसला, वाळलेल्या गजऱ्यासकट. मागून घंटी वाजली.

ती पुढं गेली. मी तिच्या मागच्या चाकाशी हातभर अंतरावर आलो, आणि वारा एकदम थांबला. तीच जागा. तितकीच शांत.

मान न वळवता ती म्हणाली, "तुमचा टायर नवा दिसतो. वाजत नाही."

"नवा आहे."

"मग मागं आहात की नाही, मला कसं कळायचं? बोलत राहा."

मी बोलका माणूस नाही. पण आगाशी सोडून नंदाखालपर्यंत, अंधार पडेतो, मी बोलत राहिलो.